आत्याला विचारल्याशिवाय

मी नोकरीला लागले त्या दिवशी मास्तरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा : "ताई, तुमच्या आडनावाच्या पोटात दुसरा कुठला शब्द बसलाय का?"

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत या प्रश्नाची तयारी कुणी करून घेतली नव्हती. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, माझं आडनाव बोटांवर मोजलं, एकदा उलटं म्हणून पाहिलं आणि "सुटलात" असं म्हणून परत स्क्रीनकडे वळले. पुढे कळलं की ही चौकशी ते सगळ्यांचीच करत. चहावाल्याची, कुरिअरवाल्याची, विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाचीसुद्धा. गावांनाही सोडत नसत.

"कोपरगावाच्या पोटात कोपर हाय. जामखेडात जाम हाय. आन आपन बसलोय त्या सावेडीत कोन हाय, बघा."

मी बघितलं. सावेडीत वेडी होती.

"म्हनून सांगतो, शब्दाला वरून हात लावायचा न्हाई. आत कोन बसलंय ते आधी इचारायचं."

आमचं ऑफिस नगरच्या सावेडी भागात एका टायरच्या दुकानावर होतं. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की वर आमची टेबलं थरथरायची. माणसं सगळी मिळून सात. मालक, आम्ही पाच जण आणि मास्तर. मास्तर कधीही मास्तर नव्हते. शर्टाच्या खिशात लाल पेन असायचं म्हणून लोक तसं समजायचे, आणि त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. बाकी सगळं दुरुस्त केलं. वडापाव ज्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात यायचा तो तुकडा ते आधी वाचत, त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल करत आणि मगच वडा खात. तोवर वडा गार व्हायचा. गार वडा खाताना त्यांचा चेहरा कर्तव्य केलेल्या माणसासारखा दिसायचा.

मूळचे ते पाथर्डीकडचे. कॉम्प्युटरच्या धंद्यात येण्याआधी एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचे. तिथं जे घडलं ते त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच गांभीर्याने.

एका घरातल्या थोरल्या मुलाचं, रामचं, लग्न होतं. पत्रिका मास्तरांनीच केली. पुढच्या वर्षी धाकट्याचं, गणेशचं लग्न निघालं. घर तेच, नातेवाईक तेच, लग्नाचं गावही तेच. मग पुन्हा सगळं टाइप कशाला करायचं? मास्तरांनी जुनी फाइल उघडली, नवरीकडचा मजकूर नवा घातला, आणि कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जिथं ‘राम’ असेल तिथं तिथं ‘गणेश’ घाल. कॉम्प्युटरने इमानेइतबारे घातलं. पाचशे पत्रिका छापल्या, वाटल्या.

"आजोबा कैलासवासी तुकाराम हुते, त्ये तुकागणेश झाले," मास्तर सांगायचे. "चुलते सखाराम हुते, त्ये सखागणेश झाले. लगीन श्रीरामपूरला हुतं, त्ये श्रीगणेशपूरला गेलं. दोन जीपा दुपारपर्यंत श्रीगणेशपूर हुडकत हुत्या. आन एक पाव्हनं ग्रामपंचायतीत मेंबर हुतं. आता ग्रामच्या पोटात राम असतो, हे मला तरी कुठं ठावं हुतं? त्यांच्या नावाखाली असं काय छापून आलं की त्येला कुठल्याच भाषेत उच्चार न्हाई."

"मग काय झालं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"सखाराम तात्या छापखान्यात मला भेटाया आले. एका हातात पत्रिका हुती."

"आणि दुसऱ्या?"

"ते ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर मास्तरांनी छापखाना सोडला, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि उरलेलं आयुष्य एकाच गोष्टीला वाहिलं. एका गोष्टीच्या जागी दुसरी गोष्ट ठेवायची, पण बघून.

आमच्या ऑफिसात नेमकं तेच काम होतं. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत दूध संकलन केंद्रांवर एक जुना प्रोग्राम चालायचा. शेतकरी कॅन घेऊन यायचा, दूध मोजलं जायचं, फॅट तपासली जायची आणि त्याच्या नावाची पावती निघायची. हा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता ती भाषा आता कुणी शिकत नाही. तो नव्या भाषेत न्यायचा होता. एवढ्या ओळी हाताने कोण लिहिणार? म्हणून आमच्याकडे एक अवजार होतं. त्याला आपण नियम द्यायचे. जुन्या प्रोग्राममध्ये अशी-अशी रचना दिसली की तिच्या जागी तशी-तशी ठेव. अवजार सगळा प्रोग्राम चाळून बदल करत जायचं. साधा नियम दोन ओळींचा असायचा, आणि आम्ही सगळे दोन ओळींचेच नियम लिहायचो.

मास्तरांचा एकही नियम दोन ओळींचा नव्हता. त्या अवजारात एक सोय होती. नियमाच्या पोटातच छोटीशी स्क्रिप्ट लिहिता यायची. बदल करायच्या आधी ती चालायची, आजूबाजूला काय आहे ते पाहायची आणि मग ‘बदल’ किंवा ‘राहू दे’ असं ठरवायची. ही सोय क्वचित वापरायची असते. मास्तरांनी ती देवघरातल्या दिव्यासारखी रोज वापरली. शिवाय प्रत्येक स्क्रिप्टला त्यांनी नात्यातलं नाव दिलं होतं.

‘मामा’ ही स्क्रिप्ट खाली पडलेली एखादी ओळ उचलून वर आणून ठेवायची, कारण नवरीला बोहल्यावर मामाच आणतो. ‘करवली’ नव्या ओळीच्या मागोमाग जायची आणि तिला लागणारं सामानसुमान प्रोग्रामच्या सुरुवातीला मांडून ठेवायची. ‘जावई’ नावाचीही एक होती. मालकांनी एकदा ती उघडून बघितली.

"मास्तर, हा जावई करतो काय?"

"काय न्हाई करत."

"मग काढून टाका."

"काढून बघितला. सगळंच रुसतं."

मालकांनी खात्री करायला स्वतः काढून बघितला. खरोखरच सगळं बंद पडलं. त्यांनी तो परत ठेवला, आणि त्यानंतर मास्तरांच्या कुटुंबात कधी हात घातला नाही.

या सगळ्यांवर होती ‘आत्या’. बदलायचा शब्द सुटा आहे की दुसऱ्या कुणाच्या पोटात बसलाय, तो प्रोग्रामच्या कामाचा आहे की नुसता छापायचा मजकूर आहे, हे ती तपासायची. शंका आली की थांबायची आणि स्क्रीनवर प्रश्न विचारायची. उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. मिळालं की मात्र ते कायमचं लिहून ठेवायची. मास्तरांची खरी आत्या गावी होती आणि तिने प्रश्न विचारून विचारून मास्तरांची तीन स्थळं परत पाठवली होती, असं ते अभिमानाने सांगत. चौथ्या मुलीने आत्यालाच उलटे प्रश्न विचारले. तिच्याशी लग्न झालं.

जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं तेव्हा गावभर चर्चा चालली होती. चहाच्या टपरीवर प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. मास्तरांना कुणीतरी विचारलं, तुमचं काय म्हणणं? मास्तर म्हणाले, "जुन्या दाखल्यावरच्या पत्त्याचं काय करायचं, त्ये आधी ठरवा." मग ऑफिसात येऊन आठवडाभर ते त्या एका बदलासाठी आत्याला शिकवत बसले. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत शीळ घालत होते.

आता ते गावी असतात. मालकांनी खूप थांबवलं, पण आईची तब्येत बघायला घरात कुणी नव्हतं. मला अधूनमधून फोन येतो. मी काय काम करते हे ते विचारत नाहीत. कुणाचं नवं नाव ऐकलं का, एवढंच विचारतात.

पण सांगायची आहे ती म्हैसगावच्या बाजूची गोष्ट. मला नोकरी लागून तेव्हा तीन महिने झाले होते.

ज्यांचं हे काम होतं त्या पुण्याच्या मॅडमनी कळवलं होतं की नव्या प्रोग्राममध्ये आतली नावं इंग्रजीत हवीत, म्हणजे उद्या कुठलाही माणूस तो वाचू शकेल. जुन्या प्रोग्राममध्ये इंग्रजी अक्षरांत ‘gai’ आणि ‘mhais’ अशी नावं जागोजागी होती. त्यांच्या जागी ‘cow’ आणि ‘buffalo’ आणायचं होतं. मास्तरांनी नियम लिहिला, पोटात आत्या बसवली आणि चालवला. आत्या दर दहा ओळींना थांबायला लागली. मास्तर शांतपणे एकेक उत्तर देत होते. निम्मी उत्तरं झाली आणि त्यांना राहुरीला एका लग्नाला जावं लागलं. गोरज मुहूर्त होता. जाताना म्हणाले, "उद्या आल्यावर उरलेलं बघू. तवर कुनी हात लावू नका."

ते गेले आणि तासाभरात मालकांचा फोन आला. मॅडम पुण्याहून निघाल्या होत्या. त्यांना प्रोग्राम आजच, संध्याकाळच्या दुधाच्या वेळी, प्रत्यक्ष केंद्रावर चालताना बघायचा होता. मालक म्हणाले, "तू घेऊन जा. तयारच आहे ना?"

मी आत्यासमोर बसले. दीडशेच्या वर प्रश्न बाकी होते. मी त्यातला एकही वाचला नाही. मला वाटलं, गाय म्हणजे cow, म्हैस म्हणजे buffalo, यात शंका घेण्यासारखं काय आहे? मास्तरांचा नियम उघडला, आत्याला बाहेर काढलं, दोन ओळी ठेवल्या आणि चालवला. चार मिनिटांत संपला. मनात म्हटलं, यालाच म्हणतात इंजिनिअरिंग.

मला एक गोष्ट माहीत नव्हती. तो जुना प्रोग्राम ज्याने लिहिला होता, त्याने सभासदांची नावं वेगळीकडे न ठेवता प्रोग्राममध्येच टाइप करून ठेवली होती.

केंद्र म्हैसगावपासून जवळच्या एका वाडीवर होतं. आजूबाजूच्या गावांतले सभासदही तिथंच दूध घालायचे. मी पोचले तेव्हा कॅनची रांग लागली होती आणि मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. पहिला मान केंद्राच्या चेअरमनचा. उंच, पांढऱ्या टोपीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांचं दूध मोजलं, फॅट लागली, पावती आली. त्यांनी ती लांब धरून वाचली. मग जवळ धरून वाचली. मग माझ्या हातात दिली.

पावतीवर लिहिलं होतं, COWKWAD B. R.

"ह्ये कोन?" चेअरमननी विचारलं.

तोवर मागच्या माणसाचीही पावती निघाली होती. त्याचं आडनाव गायधने. तो COWDHANE झाला होता आणि राहणार BUFFALOGAON. ते कसलं गाव, म्हणून तो शेजारच्याला विचारत होता.

"बाई," चेअरमन म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "आमच्याकडं नाव बदलायचं आसंल तर गॅझेटात द्यावं लागतं. तुमी कुठं दिलं हुतं?"

रांगेतलं कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. चेअरमन तेवढे हसले नाहीत. त्यांनी आपला कॅन उचलून बाजूला ठेवला आणि सांगितलं, जोवर माझं नाव माझं होत नाही तोवर दूध ओतणार नाही. चेअरमननी कॅन काढला म्हटल्यावर बाकीच्यांनीही काढले. दूध नेणारा टेम्पो साडेसातला यायचा होता. तो रिकामा गेला तर त्या दिवसाचं दूध गेलं. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

मी बाहेर येऊन मास्तरांना फोन लावला. मागे सनई वाजत होती. मी सगळं सांगितलं.

"आत्याला काढलं व्हय," मास्तर म्हणाले. "आलो."

अर्ध्या तासात ते मोटरसायकलवरून आले. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला गंध, खिशात लाल पेन. ते थेट चेअरमनसमोर गेले आणि हात जोडले.

"चूक माझी हाय. तुमचं नाव माझ्या हातनं बिघडलं. नीट करून देतो, पन तुमी समदे हितं पायजेत."

चेअरमननी फेट्याकडे बघितलं. "लग्नातनं उठून आलात का?"

"व्हय."

"मंग करा."

मास्तरांनी माझ्या लॅपटॉपवर जुना प्रोग्राम परत आणला, नियमाच्या पोटात आत्याला बसवलं, आतापर्यंत दिलेली उत्तरं तिच्या हवाली केली आणि चालवलं. उरलेल्या पहिल्याच प्रश्नाला ती थांबली. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत आलं : GAIKWAD B R. JANAVAR KA MANUS?

मास्तरांनी तो मोठ्याने वाचला. "गायकवाड बी. आर. जनावर का मानूस?"

चेअरमननी टोपी सारखी केली.

"मानूस," ते म्हणाले.

"लिवलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मग जे सुरू झालं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. मास्तर एकेक प्रश्न वाचत आणि वाडी उत्तर देई. गायधने? माणूस. गायकर? माणूस, पण नुसता नावाला, असं मागून कुणीतरी म्हणालं. म्हैसगाव? गाव. काही ठिकाणी खरोखरच जनावर होतं, तिथं पोरीबाळी एका सुरात "जनावर" म्हणायच्या. सगळ्यात मोठा वाद ‘सखुबाईची काळी गाय’ यावर झाला. जुन्या प्रोग्रामरने काय कारणाने कोण जाणे, ही नोंद स्वतंत्र करून ठेवली होती.

"ती गाय तर मागल्या साली गेली," एक जण म्हणाला.

"गेली न्हाई, दिली," सखुबाई म्हणाल्या. त्या रांगेतच होत्या. "माझ्या भनीला दिली."

"मंग ती इथली न्हाई."

"इथली नसली म्हनून काय शेळी झाली का?"

मास्तरांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. "आत्याचा प्रश्न एवढाच हाय, जनावर का मानूस. कुठं असती, त्ये ती इचारत न्हाई." सखुबाईंचं समाधान झालं. तेवढ्यात त्यांनी मास्तरांना विचारलं, "ही आत्या पगारी हाय का?" मास्तर म्हणाले, न्हाई, घरचीच हाय.

आता मॅडमनी विचारलं, "म्हणजे हे प्रत्येक गावात असं विचारत बसणार?"

"गावात एकदाच," मास्तर म्हणाले. "मॅडम, सोयरीक जुळवताना इचारतात. रोज सकाळी उठून न्हाई इचारत."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण काम आमच्याकडेच राहिलं, आणि पुढच्या प्रत्येक गावात त्यांनी आत्याला नेण्याची अट घातली.

सव्वासातला चेअरमनची पावती निघाली. GAIKWAD B. R. त्यांनी ती लांब धरून वाचली, जवळ धरून वाचली, घडी करून टोपीखाली ठेवली आणि कॅन ओतला. त्यांच्यामागून सगळ्यांनी ओतले. टेम्पो दहा मिनिटं उशिरा आला, त्यामुळे एकही कॅन राहिला नाही.

परत निघालो तेव्हा मी मास्तरांच्या मागे मोटरसायकलवर बसले होते. वाटेत मी म्हटलं, "मास्तर, चूक माझी होती. तुम्ही अंगावर का घेतली?"

"त्या मानसाला चूक कुनाची हे नको हुतं, ताई. त्याला फकस्त कुनीतरी ‘चुकलो’ म्हनायला पायजे हुतं. आन तुमी फोनवर रडायच्या बेतात हुता."

"मी नव्हते रडणार."

मास्तरांनी गाडीचा वेग कमी केला, मान अर्धी वळवली.

"मंग तसं फोनवरच सांगायचं ना. मी जेवून आलो असतो."

राहुरीत लग्नाच्या मांडवात पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठली होती. आचाऱ्याने फेटा बघून पातेली खरवडली. आम्हा दोघांना भात, वरण, वाटीभर मठ्ठा आणि दोघांत मिळून एक जिलबी वाढली. मास्तरांनी जिलबी मोडली. मोठा तुकडा स्वतः घेतला, लहान माझ्या पत्रावळीत ठेवला, आणि मला ते अगदी रास्त वाटलं.